मार्कर महिन्यात वाळला, त्याबद्दल

नमस्कार सर,

पेनांवर एवढं लिहिणं म्हणजे चोचले, पाच रुपयांचं बॉलपेन सगळीकडे चालतं, आणि माझ्या सांगण्यावरून घेतलेला व्हाइटबोर्ड मार्कर महिन्यात वाळला, असं तुम्ही लिहिलंत.

मार्करची चूक माझी. घ्या म्हणाले, पण ठेवायचा कसा ते सांगायचं राहिलं. माझ्या शिकवणीत मुलं मार्कर टोक वर करून ग्लासात ठेवायची. त्याने रंग खाली बसतो आणि टोक कोरडं पडतं. आडवा ठेवा आणि टोपण 'टक्' वाजेपर्यंत दाबा. ती शाई स्पिरिटसारखी उडून जाणारी असते. टाकला नसेल तर टोक खाली करून रात्रभर ठेवून बघा.

पाच रुपयांचं बॉलपेन माझ्याही पर्समध्ये असतं. पण सगळीकडे चालतं, हे मला पटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या भावाचं अडत दुकान आहे. ट्रक भरला की ड्रायव्हर पावती फाळक्यावर टेकवून सही करतो. तीन-चार अक्षरं उमटतात, मग नुसता ओरखडा. पेन झटकून फेकून देतो. बॉलपेनची घट्ट शाई वजनाने खाली गोळीपर्यंत उतरते. पेन आडवं धरलं की मागेच राहते. तीच पावती टेबलावर ठेवली असती तर सही नीट झाली असती.

हळदीच्या नमुन्याच्या प्लॅस्टिक पिशवीवर तर बॉलपेन उमटतच नाही. तिथे परमनंट मार्करच हवा. व्हाइटबोर्ड मार्करची शाई चिकटू नये अशीच बनवलेली असते, लॉट नंबर अंगठ्याने पुसला जातो. आणि आधी पिशवी फडक्याने पुसायची! नाहीतर हळदीची पूड टोकात शिरते, काळी रेघ मळकट होते, मग फिकी. असे कितीतरी मार्कर भावाने 'डुप्लिकेट' म्हणून फेकलेत.

ऑगस्ट 2019 च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. वडिलांनी शाईपेनाने लिहिलेल्या वहीची पानंच्या पानं निळी झाली, एक ओळ हाती लागली नाही. बॉलपेनने लिहिलेली उधारीची वही मात्र वाळवल्यावर वाचता आली. म्हणून जपायचं ते मी बॉलपेननेच लिहिते. रिफिलवर 'आयएसओ 12757-2' असेल तर फारच चांगलं, कागदपत्रांसाठीच्या बॉलपेनचं ते मानक आहे.

हरभट रोडला पेन घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर गोल गिरवू नका. आपली वही न्या, नाव-पत्ता पूर्ण लिहून बघा, आणि रिफिल सुटी मिळते का तेवढं विचारा.