अकरावा नग

रात्री साडेदहाच्या सुमारास, भरल्या डब्यात, सात परक्या माणसांसमोर मला माझ्या अंतर्वस्त्रांचा हिशोब द्यावा लागला. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मेअखेर, कोकणातून मुंबईकडे, थ्री टियर एसी, तिकीट कन्फर्म. प्रस्तावना एवढीच.

माझी बॅग एकच. करडी, मध्यम, चाकांची. आत चेनच्या छोट्या पिशव्या: निळीत शर्ट, राखाडीत आतले कपडे, हिरवीत चार्जर आणि वायरी. याचा मला अभिमान आहे, कारण मी आलो कुठून ते बघा. आमच्या आईच्या सामानात पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, आणि सगळ्यात आतल्या पिशवीत पुढच्या प्रवासासाठी घडी घातलेल्या रिकाम्या पिशव्या. आत्या प्रत्येक बॅगेच्या मुठीला जुन्या लाल साडीची चिंधी बांधते. त्यामुळे तिची बॅग तिला फलाटाच्या त्या टोकावरूनही ओळखू येते, फक्त कुठलीत काय भरलंय ते घरी पोचेपर्यंत कळत नाही. या घराण्यातून मी चेनपर्यंत वर आलेला माणूस आहे.

कुडाळला आधी सामान चढलं, मग त्याच्यामागून काका-काकू. आंब्याच्या तीन पेट्या, गोणपाटात शिवलेले दोन फणस, उकड्या तांदळाची पिशवी, कुळथाच्या पिठाचा डबा, कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांचा खोका, सुतळीने बांधलेल्या केरसुण्या, आणि बाकीचं मला वासावरून ओळखता आलं. सामान बाकांखाली सरकवून झाल्यावर काकांनी छत्रीच्या टोकाने एकेका नगाला टोचत मोजणी केली.

"अकरा. बरोबर आसा."

"मोजलात मां नीट?" काकू.

"मोजलंय गो."

आता नियम बघा. थ्री टियर एसीत माणशी ४० किलो सामान फुकट. एका खणात साइडचे धरून आठ माणसं, म्हणजे ३२० किलो. हे ठेवायचं दोन खालच्या बाकांखाली आणि एका साइड लोअरखाली. ज्याने नियम केला त्याने बाकाखाली एकदा तरी वाकून बघितलं असेल का, अशी शंका येते. शिवाय पेटीचं मापही ठरवून दिलंय: लांबी ५५, रुंदी ४५, उंची २२.५ सेंटिमीटर. फणसाची उंची कुठून मोजायची ते सांगितलेलं नाही.

मग कणकवलीला मोजणी. वैभववाडीला मोजणी. राजापूरला गाडी थांबली न थांबली तोच छत्री बाहेर. दर वेळी अकरा, दर वेळी "बरोबर आसा". पुढे काकूंना झोप लागली, वरच्या बाकांवरचे घोरू लागले. रत्नागिरी सुटल्यावर मी दात घासावेत म्हणून वाकून माझी बॅग ओढली.

"ओ साहेब! ती खंय नेतास?"

"माझी आहे काका. ब्रश काढतोय."

"तुमची? मगे माझी अकरावी खंय?"

मी म्हटलं, ते मला कसं ठाऊक असणार? काका उठून उभे राहिले. ही बॅग त्यांनी टेशनागणिक मोजली होती. जी वस्तू इतक्या वेळा मोजली ती आपली नाही, हे मानायला त्यांचं मन तयार नव्हतं. करडी बॅग आपण कधी घेतली होती का, एवढं स्वतःला विचारायचं, तर तेही नाही. त्यांचा विश्वास आकड्यावर.

माझ्या फोनमध्ये बॅगेचं बिल होतं. ते उघडायला घेतलं आणि करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटर. पडद्यावर चक्र गरगरत राहिलं आणि काका माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की बोगदाही मीच खणून ठेवला होता.

"बिल ऱ्हवांदे. आत काय आसा ता सांगा."

सांगितलं. निळी, शर्ट. हिरवी, वायरी. राखाडीपाशी मी आवाज खाली आणला, तेव्हा साइड लोअरवरच्या कॉलेजच्या मुलीने कानातले इअरफोन काढले.

"चड्डेक येगळी पिशवी?" काकांनी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं विचारलं. "आनि तिका चेन?"

वरचं घोरणं थांबलं. मग पंचनामा झाला. काकांनी एकेक पिशवी काढून, उघडून, आतला माल आपल्या बाकावर मांडला. निळीत शर्ट निघाले तेव्हा ते थोडे निराश झाल्यासारखे दिसले. या गडबडीने काकू जाग्या झाल्या.

"अकरावो नग चोरीक गेलो," काका म्हणाले.

"चोरीक खंय जातलो? माझ्या डोक्याखाली आसा. ही उशी मेली पातळ, म्हणान चढतानाच तांदूळ वर घेतलंय."

मला वाटलं, आता काका निदान खाकरतील तरी. ते म्हणाले, "बघा, सामान मोजूचा कित्या, ता कळला मां?" आणि वर, "तुमी बसा, मी भरतंय."

याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. संशय परवडला, पण भरणं नाही. शर्टात वायरी, मोज्यात ब्रश, चेन अर्ध्यावर अडकलेली. आणि तक्रार करायची कुणाकडे? १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० सांगतं की पावती घेऊन बुक न केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेची नाही. मग माणसं छत्री घेऊन स्वतःच पोलीस होतात, आणि शेजारचा एकटा, एका बॅगेचा, गप्प बसणारा प्रवासी त्यांना आयता आरोपी सापडतो. जो कमी सामान नेतो त्याच्याच सामानावर सगळ्यांची नजर. अकरा नगवाल्याला कुणी काही विचारत नाही, कारण विचारायला त्याच्यापर्यंत पोचायला वाट नसते.

ठाण्याला पहाटे फणस उतरवून द्यायला मीच होतो, हे सांगायला नको. काकांनी फलाटावर मोजले. अकरा. बरोबर आसा.

घरी बॅग उघडली तर हिरव्या पिशवीत चार्जर नव्हता. त्याच्या जागी वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुका जवळा होता, चांगला पाव किलो. पुडी कुठल्यातरी नगाच्या आतली असणार, म्हणजे ती त्यांच्या मोजणीत कधी कमी पडणार नाही. माझा चार्जर आता डोंबिवली की बोरिवलीत कुणाचा तरी फोन भरतोय. शर्ट मी पुन्हा धुवायला टाकलेत.

रविवारी बायकोने त्या जवळ्याची कांदा घालून चटणी केली आणि बोटं चाटत खाल्ली. मला खारट लागली.