बदनाम कादंबरीकार व्हायचंय? आधी मावशी बघा

खळबळजनक कादंबरी लिहायची हौस असेल, तर पहिली अट प्रतिभेची नाही, घराण्याची. वडील अर्ल, मावशी डेव्हनशरची डचेस, एवढं तरी हवंच. लेडी कॅरोलाइन लॅमकडे (१७८५–१८२८) दोन्ही होतं. नवरा शांत प्रकृतीचा बघा. तिचा विल्यम लॅम पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, पण ते १८३४ साली. तोवर ती जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे त्या मानाची आशा धरू नका.

मग एक कवी गाठा, आणि तो गाजायला लागल्याबरोबर गाठा. ‘चाइल्ड हॅरल्ड’चे पहिले दोन सर्ग मार्च १८१२ मध्ये आले आणि लॉर्ड बायरन लंडनभर झाला. कॅरोलाइनने वेळ दवडला नाही. पोऱ्याचा वेश करून त्याच्या बिऱ्हाडी जायचं, हेही तिचंच. ऑगस्टपर्यंत सगळं आटोपलं. पाच महिने पुरे. त्याहून लांबलं की प्रकरणाला संसाराची कळा येते.

खरं कौशल्य पुढे लागतं. त्याच वर्षी डिसेंबरात तिने हर्टफर्डशरमधल्या ब्रॉकेट हॉलला होळी पेटवली. बायरनचा पुतळा, पांढऱ्या झग्यांत फेर धरणाऱ्या गावातल्या पोरी, आणि प्रसंगासाठी स्वतः रचलेलं पद्य. (आपल्याकडे शिमग्याला नुसती बोंब मारून भागतं.) आगीत त्याची पत्रंही पडली. इथे नवशिक्या हमखास चुकतात, भावनेच्या भरात अस्सल कागद जाळून बसतात. कॅरोलाइनने जाळल्या त्या नकला; मूळ पत्रं जपून ठेवली. कादंबरीला भांडवल नको?

तिची तीन खंडांची कादंबरी ‘ग्लेनार्व्हन’ प्रकाशक हेन्री कोलबर्नने ९ मे १८१६ रोजी बाजारात आणली. बायरनने २५ एप्रिलला इंग्लंड सोडलं होतं, लोकांच्या तोंडी त्याचंच नाव होतं. मुहूर्त असा साधावा. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव घालू नका, म्हणजे ते सांगत फिरायची सोय इतरांना राहते. कथा १७९८ च्या आयर्लंडमधल्या बंडात नेऊन ठेवा, पण खलनायकाच्या तोंडी प्रियकराचं खरं निरोपाचं पत्र घाला. आणि शेवटी नायिकेला मारायला विसरू नका. प्रायश्चित्त ठरलेलं असलं की वाचक पापाची पानं निर्धास्त वाचतो.

आता बिघडतं कुठे ते. तुम्हाला वाटेल, व्यभिचारामुळे. छे! मावशीला चार्ल्स ग्रेपासून मुलगी झाली होती. ती परदेशात जाऊन बाळंत झाली आणि यथावकाश परतून पुन्हा समाजात मिरवली. खुद्द आईला ग्रॅनव्हिल लेवेसन-गोवरपासून दोन मुलं. त्या दोघींनी कादंबरी लिहिली नाही, एवढाच काय तो फरक. कॅरोलाइनने लेडी जर्सीसारख्या बायकांची व्यंगचित्रं पुस्तकात घातली, आणि लेडी जर्सी होती ऑल्मॅक्स या उच्चभ्रूंच्या नाचघराची एक मालकीण म्हणावी अशी. तिथला प्रवेशपास रद्द झाला. लंडनमध्ये यापुढची शिक्षा फक्त फाशी.

सासरच्यांनी विभक्त होण्याची कागदपत्रं तयार केली. वकील सहीसाठी आले तेव्हा म्हणे कॅरोलाइन विल्यमच्या मांडीवर बसून त्याला पातळ कापलेला लोणी-पाव भरवत होती. सही राहिली, कायदेशीर फारकत व्हायला १८२५ उजाडलं. तेव्हा वकिलांच्या भेटीच्या दिवशी घरात ताजा पाव ठेवा.

बायरनला ‘ग्लेनार्व्हन’ त्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी फ्रेंच लेखिका मादाम द स्तालने वाचायला दिली. त्याने कपाळाला आठीही न घालता मित्राला कळवलं की चित्र काही हुबेहूब उतरणं शक्य नाही, मी पुरेसा वेळ बसलोच नव्हतो. वर पाच महिने पुरे असं लिहिलंय ना, ते खोडा.