१० ते २ झोपलं की झालं, हे कुणी सांगितलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, तुमच्याकडेही आलं असेल. म्हणे शरीराची सगळी दुरुस्ती रात्री १० ते २ मध्येच होते, तेवढी झोप झाली की पुरे, नंतरची म्हणजे आळस, म्हणून ब्रह्ममुहूर्तावर ३ ला उठा. झोप येत नसेल तर जायफळाची कॉफी प्या आणि डोळे मिटून पडून राहा. बाबांनी हे मनावर घेतलं. परवा गॅसवर दूध ठेवून खुर्चीत बसले आणि डोळा लागला, पातेलं करपून काळं झालं, घरभर धूर. म्हणून लिहितेय.

१० ते २ चं म्हणाल तर गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते हे खरंय, पण ती डोळा लागला की सुरू होते, घड्याळात १० वाजले म्हणून नाही. आणि साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होत होत पहाटेकडे स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, वाढत जाते. २-३ ला उठलं की नेमकी तीच कापली जाते! अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र बसून सांगितलंय, मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास हवेत.

ब्रह्ममुहूर्त तर ३ ला नसतोच हो. सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त, एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे ९६ मिनिटं आधी. आत्ता जानेवारीत पुण्यात सूर्य ७ च्या सुमारास उगवतो, करा हिशोब.

कॉफीतलं कॅफिन पाचेक तासांनीही निम्मं अंगात असतं. जायफळ घालायचंच तर दुधात घाला.

सगळ्यात वाईट म्हणजे ते पडून राहणं. आमची आई हेच करायची, कूस बदल, उशी उलटी कर, दर दहा मिनिटांनी मोबाईल उचलून किती वाजले बघ, आणि दोन वाजले दिसले की अजूनच जीव घाबरा. अशाने मेंदूला सवय लागते की अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा. रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच याच्या उलट उपाय मांडला होता आणि निद्रानाशावरच्या उपचारात तो आजही वापरतात: अंदाजे वीस मिनिटांत झोप नाही लागली तर सरळ उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, पेंग यायला लागली की मगच परत आडवं व्हा, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. आई बाहेरच्या खोलीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. पहिला आठवडा फार वैतागली, दिवसा डोळे चुरचुरायचे, मग हळूहळू घड्या अर्ध्यावर टाकून आत जायला लागली.

बाबांनी माझं ऐकलं नाही, पंचांगाचं ऐकलं. स्वतः वजाबाकी केली आणि अलार्म साडेपाचचा लावला. झोपतात दहालाच.