क्लबचा बार, शेजारच्या आजी आणि आपला गणपती

आमच्या इथल्या क्रिकेट क्लबच्या फाटकावर आठवडाभर एक फिकट निळा कागद लटकतोय. इंग्लंडात फाटकावर असा निळा कागद दिसला की समजायचं, दारूच्या परवान्याचा अर्ज आलाय. क्लबला शुक्रवार-शनिवार रात्री बारापर्यंत बार चालवायचाय आणि हॉल बाहेरच्या लोकांनाही पार्ट्यांसाठी द्यायचाय. तेव्हापासून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. मला दोन्हीकडून मेसेज येतात, कारण लेक क्लबकडून खेळतो आणि आमची बेडरूमची खिडकी मैदानावरच उघडते.

आधी एक कबूल करते. ‘बार’ म्हटलं की माझ्यासारख्या सांगलीच्या मुलीला काळ्या काचांची परमिट रूम आठवते. आपल्याकडे कायदा अजून १९४९ च्या दारूबंदीचाच, प्यायलासुद्धा परवाना लागतो. त्यामुळे लेकाला पहिल्यांदा प्रॅक्टिसला सोडलं आणि क्लबहाऊसमध्ये बिअरचे नळ दिसले, तेव्हा पोटात गोळाच आला. मग शनिवारमागून शनिवार तिथे बसले. स्कोअर लिहिणारे आजोबा एक हाफ पाइंट संध्याकाळभर पुरवतात. पोरं चिप्सच्या पाकिटांवर भांडतात. रोलरची दुरुस्ती, पिचवरची कव्हरं, मुलांचं कोचिंग, हे सगळं निव्वळ वर्गणीत भागत नाही. बारचा गल्ला आहे म्हणून मैदान हिरवं आहे. बार बंद करा म्हणणाऱ्यांनी रोलरचं बिल कोण भरणार तेही सांगावं.

पण खरा वाद मॅचनंतरच्या बिअरचा नाहीच. आतापर्यंत क्लबकडे सभासदांपुरतं सर्टिफिकेट होतं. त्याला किमान २५ सभासद लागतात आणि आज सभासद व्हायचा अर्ज केला, आजच ग्लास हातात, असं चालत नाही. बाहेरच्या कुणाची पन्नाशी साजरी करायची तर २१ पौंड भरून तात्पुरती नोटीस द्यायची, ४९९ माणसांपर्यंत चालतं. गंमत पुढे आहे. त्या नोटिशीला हरकत घ्यायचा हक्क फक्त पोलिसांना आणि कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य खात्याला. शेजाऱ्यांना कोण विचारतो? कायमच्या परवान्याचं तसं नाही. अर्जावर २८ दिवसांत कुणीही लेखी म्हणणं मांडू शकतं, अटी घालून घेता येतात आणि पुढे त्रास झालाच तर फेरविचारही मागता येतो. म्हणून ‘परवाना मुळीच नको’ म्हणणारे शेजारी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत असं मला वाटतं.

क्लबवाल्यांचाही एक मुद्दा मला पटत नाही. ‘मैदान आधी आलं, घरं नंतर.’ डरहॅममधल्या लिंट्झ गावचा खटला इथे सगळ्यांना तोंडपाठ. १९७७ साली शेजाऱ्यांच्या अंगणात षटकार पडत होते, तरी कोर्टाने क्रिकेट थांबवलं नाही, नुकसानभरपाई देऊन मिटवलं. बरोबर आहे, पण तो निकाल चेंडूंचा होता. रात्री साडेअकराचा डीजे काही मैदानाइतका जुना नाही.

पलीकडच्या आजींकडे परवा चहाला गेले होते. त्यांचे यजमान आजारी असतात. मला वाटलं, गाण्यांची तक्रार असणार. त्या म्हणाल्या, गाण्यांची सवय झाली गं, बाटल्यांची होत नाही. पार्टी संपली की दिवसभराच्या रिकाम्या बाटल्या एकदम ड्रममध्ये ओततात. खळ्ळकन आवाज होतो, मग दोन मिनिटं शांतता, मग परत. दुसऱ्यांदा कधी ओततील याची वाट बघत नवरा-बायको जागे.

आता आपल्याबद्दल. तो हॉल भाड्याने घेणारे कोण? मागच्या गणपतीत आपणच होतो! दारूचा थेंब नव्हता, आरत्या आणि ढोल मात्र होते. आणि कार्यक्रम संपल्यावर कार पार्कमध्ये आपला तो निरोपाचा अर्धा तास. ‘चला, निघतो’ म्हणून गाडीचं दार उघडायचं, गप्पा निघाल्या की परत लावायचं, मग डबे कुणाचे कुणाचे ते शोधायचं. आजींनी त्या रात्रीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

कौन्सिलला माझं पत्र काल पाठवलं. परवाना द्या, पण बाहेरचा कट्टा रात्री दहाला रिकामा करा, बाटल्या सकाळी नऊनंतरच ओता, आणि त्या रात्री जबाबदार असेल त्या माणसाचा फोन नंबर शेजारच्या घरांत द्या. ज्यांना लिहायचंय त्यांनी घरांच्या किमती पडतील असलं काही लिहू नका, ते विचारातच घेत नाहीत. गुन्हे, लोकांची सुरक्षितता, उपद्रव आणि मुलांना होणारा अपाय, एवढ्या चारच गोष्टी चालतात. तारीख, वेळ, कसला आवाज, ते नेमकं लिहा. हरकती आल्या तर तीन नगरसेवकांपुढे सुनावणी होते, तिथे हेच कामी येतं.

आजींनी त्यांचं पत्र माझ्याकडे टाइप करायला दिलंय. हाताने लिहिलेली दोन पानं, त्यातलं दीड पान बाटल्यांवर. क्रिकेटबद्दल एकच ओळ आहे: रविवारच्या मॅचचा स्कोअर फाटकावर लावत जा.