‘आठवड्यात घराबाहेर’ असं इंग्लंडमध्ये होत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो डोंबिवलीच्या मावसभावाने पाठवला, मग आणखी तिघांनी. त्यात म्हटलंय: ‘इंग्लंडमध्ये सरकार गरिबांना फुकट घरं देतं, पण शेजाऱ्यांना त्रास दिला की आठवड्यात सामानासकट रस्त्यावर. कोर्ट नाही, कचेरी नाही. दुसरा उपायच नाही. म्हणून तिथे शांतता आहे. आपल्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतींनाही हाच नियम लावा.’

मी लंडनमधल्या एका हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात नऊ वर्षं भाडेकरूंच्या तक्रारी घेतल्या. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवेना.

आधी ‘फुकट’. कौन्सिलची (तिथल्या स्थानिक पालिकेची) आणि हाउसिंग असोसिएशनची घरं भाड्याची असतात. भाडं बाजारभावापेक्षा बरंच कमी, आणि उत्पन्न तुटपुंजं असेल तर ते भरायला सरकारी मदत मिळते. पण भाडेकरार होतो, त्यावर सही होते, आणि शेजाऱ्यांना उपद्रव देणार नाही हे कलम त्यात असतं. पुढची सगळी कारवाई या कलमाच्या आधारावर उभी राहते.

‘आठवड्यात, कोर्टाशिवाय’ हे तर साफ खोटं आहे. कौन्सिलच्या भाडेकरूला १९८५ च्या हाउसिंग ॲक्टचं संरक्षण आहे, असोसिएशनच्या भाडेकरूला १९८८ च्या. दोन्हींत न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय घर रिकामं करून घेता येत नाही. नव्या भाडेकरूला बहुतेक कौन्सिलं पहिले १२ महिने चाचणीवर ठेवतात; त्यालाही काढायचं तर कोर्टातच जावं लागतं. समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या २०१४ च्या कायद्याने गंभीर प्रकरणांसाठी एक कडक वाट उघडली. भाडेकरू मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा त्याने कोर्टाचा मनाई हुकूम मोडल्याचं सिद्ध झालं, तर न्यायाधीशाला घराचा ताबा द्यावाच लागतो. मात्र तिथेही आधी नोटीस द्यावी लागते, आणि कौन्सिलच्या भाडेकरूला फेरविचार मागता येतो. शिवाय २०१० मध्ये मँचेस्टर कौन्सिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक संस्था एखाद्याचं घर काढून घेते तेव्हा ते कारणाच्या प्रमाणात आहे का, हे कोर्टाने तपासलं पाहिजे. त्या खटल्यातल्या भाडेकरूला घर सोडावं लागलंच. पण तपासल्यावर.

‘दुसरा उपायच नाही’ या वाक्यावर मला जास्त बोलायचंय, कारण माझी सगळी नोकरी त्या ‘दुसऱ्या उपायां’तच गेली. तक्रार आली की आम्ही तक्रारदाराला नोंदवही द्यायचो: तारीख, वेळ, काय ऐकू आलं, किती वेळ. एका आजोबांनी तीन आठवडे रोज लिहिलं, ‘रात्री १:२०, घरघर, पलंग हलतो.’ त्यांची खात्री होती की वरची बाई मुद्दाम करते. ती बाई रात्री ऑफिसं साफ करून एक वाजता घरी यायची आणि मुलांचे शाळेचे कपडे मशीनला लावायची. दोघांना एका टेबलाशी बसवलं. मशीनखाली जाड रबरी मॅट गेली, तिच्या उघड्या लाकडी जमिनीवर गालिचा आला, मशीन लावायची वेळ ठरली. वही बंद झाली. या बाईला नोटीस काढून काय साधलं असतं?

आवाजाच्या तक्रारींत असंच पुष्कळ असतं. तिथल्या हाउसिंग ओम्बड्समनने (घरमालक संस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) ऑक्टोबर २०२२ मध्ये याच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. पावलं, मशीन, दारं यांचे रोजच्या जगण्याचे आवाज घरमालक संस्था ‘समाजविघातक वर्तन’ म्हणून हाताळतात आणि दोन्ही घरांवर अन्याय करतात, असं त्याने बजावलं. रिकाम्या घरातला चांगला गालिचा उखडून टाकू नका, इतक्या साध्या शिफारशी त्यात आहेत.

दुसऱ्या टोकाला खरी गुंडगिरी आहे, आणि तिच्याशी गोडीने बोलून भागत नाही हे मी पाहिलंय. अमली पदार्थ विकणारे एखाद्या एकट्या, आजारी भाडेकरूच्या घरात शिरतात आणि तिथूनच धंदा चालवतात. कोकिळा परक्या घरट्यात अंडं घालते त्यावरून तिथे या प्रकाराला ‘ककूइंग’ असं नावच पडलंय. जिन्यातल्या बायकामुलांचं जगणं नकोसं होतं. अशा वेळी त्या भाडेकरूला हाकललं तर मार खाणाऱ्यालाच शिक्षा. त्याऐवजी कोर्टाकडून तीन महिन्यांपर्यंत घर बंद ठेवण्याचा आदेश घेता येतो. भाडेकरूला आत राहू देऊन बाकी सगळ्यांना दार बंद, असाही तो असू शकतो.

‘म्हणून तिथे शांतता आहे’ हे वाचून मला लेस्टरशायरमधलं बारवेल आठवलं. तिथे एका आईला आणि तिच्या अपंग मुलीला टवाळ पोरं वर्षानुवर्षं छळत होती. तिने पोलिसांना तीसहून अधिक वेळा कळवलं. प्रत्येक फोन सुटा, किरकोळ मानला गेला. २००७ मध्ये तिने मुलीसह स्वतःचा जीव संपवला. २००९ च्या चौकशीत ज्यूरीने पोलिसांच्या आणि कौन्सिलांच्या ढिलाईवर बोट ठेवलं. त्यानंतर २०१४ च्या कायद्यात तक्रारदाराला एक हक्क मिळाला: सहा महिन्यांत तीन तक्रारी करूनही काही झालं नाही, तर पोलीस, कौन्सिल आणि घरमालक संस्था यांना एकत्र बसून ते प्रकरण तपासायला लावायचा. एप्रिल २०२३ पासून मोठ्या घरमालक संस्थांना आणखी दोन गोष्टी मोजून जाहीर कराव्या लागतात: अशा किती तक्रारी आल्या, आणि त्या हाताळण्यावर भाडेकरू किती समाधानी आहेत.

राहिली एसआरए. तिथे घरमालकच नाही. पुनर्वसन इमारतीतले रहिवासी आपली सहकारी गृहनिर्माण संस्था काढतात, घर त्यांच्या नावावर असतं. मग घराबाहेर काढणार कोण? १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ नुसार सभासदाला काढता येतं, पण सभेत तीन-चतुर्थांश मतं लागतात, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि निबंधकाची मंजुरी घ्यावी लागते. ही बंधनं हटवली तर पहिली कुऱ्हाड दारुड्या गुंडावर पडणार नाही, त्याच्या मागे माणसं असतात. ती पडेल भाड्याने राहणाऱ्या एकट्या बाईवर, वेगळ्या जातीच्या किंवा धर्माच्या कुटुंबावर, मतिमंद मूल असलेल्या घरावर.

इंग्लंडकडून काही घ्यायचंच तर तो तीन तक्रारींचा हक्क घ्या. आज सातव्या मजल्यावरची बाई सेक्रेटरीकडे जाते, तो म्हणतो पोलिसांत जा. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि म्हणतात सोसायटीत मिटवा. सोसायटी, पोलीस ठाणं आणि उपनिबंधक यांना एका टेबलाशी बसवून तिच्यासमोर लेखी उत्तर द्यायला लावणारा नियम मागा. असा मेसेज आला तर मी स्वतः सगळ्या ग्रुपवर पाठवेन.