एसीने सर्ज मारला म्हणे! आधी न्यूट्रल बघा राव

दुकानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला. म्हणणं असं की मोठा एसी सुरू होताना लाईनमध्ये सर्ज (व्होल्टेजचा अचानक चढाव) सोडतो, त्याने टीव्ही आणि बिलिंगचा कंप्युटर उडतो, म्हणून मेनला मोठा स्टॅबिलायझर लावा, एमसीबी (करंट जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच) एक साईज वरचा टाका, इन्व्हर्टर एसी घेतला तर टेन्शनच नाही, आणि लाईट गेली की सगळे एसी बंद करून ठेवा. मी एसीच्या वायरिंगचीच कामं करतो त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे एसी सुरू होताना व्होल्टेज वाढत नाही ओ, पडतं. मोटर थेट लाईनवर सुरू झाली की क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. १० टनाचं पॅकेज युनिट (मोठा थ्री फेज एसी) चालताना दर फेजला साधारण २० अँपिअर घेतं, म्हणजे सुरू होताना १००-१२०, आणि केबलचा रेझिस्टन्स ०.२ ओहम जरी धरला तरी २०-२४ व्होल्ट वाटेतच गेले, दिवे मिचकतात ते त्यामुळे. स्पाईक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) येतो तो उलट बंद होताना, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) उघडतो तेव्हा, पण तो मायक्रोसेकंदांचा खेळ.

मग टीव्ही जळतात कशाने? एका हॉटेलात दोन टीव्ही आणि एक सीसीटीव्हीचा डीव्हीआर गेला, मालक कॅसेट एसीवाल्याला (कॅसेट म्हणजे छतात बसवलेला एसी) शिव्या घालत होता. मी नुसतं दिव्यांकडे बघत उभा राहिलो. आर फेजचा (तीन फेजपैकी एक) कॅसेट सुरू झाला की फॅमिली सेक्शनचे दिवे मंद व्हायचे आणि त्याच वेळी किचनचे जास्त पेटायचे, हे दिसलं तिथेच कळलं. मेन बंद करून पॅनेल उघडलं तर न्यूट्रल (तिन्ही फेजची करंट परत नेणारी सामाईक वायर) जिथे जोडतात त्या लिंकवरचा अॅल्युमिनियमचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची जोडणी, ढिला, काळा पडलेला. न्यूट्रल सैल झाला की ज्या फेजवर लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतं, कमी लोडवाल्यावर चढतं, पार सुटला तर २३० चे ३५० च्या पुढेही जाऊ शकतात. सगळे दिवे एकदम मंद झाले तर तो साधा डिप (व्होल्टेज क्षणभर पडणं), काही मंद काही तेज झाले तर न्यूट्रल. तो मात्र लायसनवाल्या वायरमनकडूनच बघून घ्या, स्वतः हात घालू नका. थ्री फेज कॉम्प्रेसरची मोटर तर न्यूट्रल वापरतच नाही, तिचा काय दोष.

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर तो जागा होईपर्यंत स्पाईक पुढे निघून गेलेला असतो. त्याला एसपीडी (स्पाईक अर्थिंगमध्ये सोडणारं उपकरण) लागतो, तोही अर्थिंग धड असेल तरच, आणि न्यूट्रल गेलेला असेल तर एसपीडी स्वतःच जळतो. तिथे ओव्हरव्होल्टेजला लाईन तोडणारा रिले पाहिजे.

एमसीबी मोठा टाकायचा सल्ला सगळ्यात वाईट. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला तर उद्या एमसीबीच्या आधी वायर जळेल. सुरू होतानाच ट्रिप होत असेल तर बहुतेक सी कर्व्हचा एमसीबी बसवलेला असतो, तो त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या पाच ते दहा पट करंटला लगेच ट्रिप होतो, त्याच अँपिअरचा डी कर्व्ह घ्या, तो दहा ते वीस पटीला ट्रिप होतो.

इन्व्हर्टर एसी हळू सुरू होतो हे खरं, पण सैल लग तो काय आवळून देणार आहे का?

लाईट गेली की एसी बंद करा, हे तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर आहे. लाईट आल्यावर सगळे एकदम उठले तर डिप भयंकर येतो आणि कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचं गॅसचं प्रेशर समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर सुरू करायचा प्रयत्न झाला तर तो अडकतो. तीनेक मिनिटं थांबा, मग एकेक करून लावा.