लाँचरची सक्ती, बाकरवडीचा डबा आणि आपण : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोथरूडकर,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री आली आणि मी ती तेव्हाच मंजूर केली. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातले दोन मुद्दे मला चांगलेच टोचले. टोचल्या टोचल्या लिहायला बसलं की माझ्या हातून उत्तर होत नाही, भांडण होतं.

ज्यांनी आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एकट्याने खेळायच्या गेमसाठीसुद्धा प्रकाशक स्वतःचा लाँचर (गेमच्या आधी उघडावा लागणारा कंपनीचा प्रोग्रॅम) आणि स्वतःचं अकाउंट सक्तीचं करत असेल, तर तो गेम मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. त्यावर कोथरूडकर म्हणतात : माल कंपनीचा, दुकान कंपनीचं, दुपारी एक ते चार बंद ठेवतो म्हणून मिठाईवाल्याच्या बाकरवडीवर कोणी बहिष्कार टाकतं का? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोनशे गेम बाळगणाऱ्याने बाकीच्यांच्या नावाने बोटं मोडणं हे ढोंग आहे. बहिष्कारवालेच पहिल्या दिवशी गेम खेळताना सापडतात. आणि पायरेटेड सीडीवर वाढलेल्या आपल्या पिढीने ग्राहकहक्कावर बोलावं हा तर विनोदच. आणि तसंही, आपल्याला विचारतो कोण? वर जाता जाता एक टोमणा : 'पुण्यात १९०५ साली परदेशी कापडाची होळी झाली होती, तुम्ही आता गेमची करा.'

टोमण्यापासूनच सुरू करतो, कारण माझं म्हणणं नेमकं तिथेच आहे. होळी करायला हातात काहीतरी असावं लागतं. त्या कापडाचे पैसे व्यापाऱ्याला आधीच पोचलेले होते, पण कापड तर ज्याचं त्याच्या ताब्यात होतं. नेसा, कोणाला देऊन टाका, नाहीतर पेटवा. मी काय पेटवू? माझ्याकडे आहे एक अकाउंट आणि त्यात दिसणारी चित्रांची रांग. उद्या प्रकाशकाचा राग आला म्हणून अकाउंट बंद केलं, तर त्याचं नुकसान शून्य आणि माझे दहा वर्षांचे पैसे बुडाले. म्हणजे या मालावर विकत घेतल्यानंतर बहिष्कार घालताच येत नाही. काय करायचं ते पैसे देण्याआधी. मागच्या लेखात मी हे नीट मांडलं नव्हतं, ही माझी चूक.

आता बाकरवडी. दुकान दुपारी बंद असेल तर मी पाच वाजता जातो, त्यात माझी काही तक्रार नाही. पण अर्धा किलो घेऊन घरी आलो, डबा ओट्यावर ठेवला, आणि झाकण उघडताना दर वेळी दुकानात फोन करून 'मीच बोलतोय, परवा मीच घेतली होती' असं सांगावं लागलं तर? फोन लागला नाही तर झाकण उघडणार नाही. दुकान कायमचं बंद झालं तर डब्यातली बाकरवडी डब्यातच. हे मी वाढवून सांगत नाहीये. 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतींचा गेम २०१४ साली आला. त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता, पण तोही युबिसॉफ्टच्या, म्हणजे त्याच्या प्रकाशकाच्या, सर्व्हरशिवाय चालत नव्हता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांच्या हातात चकचकीत चकती उरली. त्याच प्रकरणातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. ते सगळेच काही रिकामटेकडे नव्हते.

दुकान कोणी काढावं यावर माझं काहीच म्हणणं नाही. स्टीमवर विकलं की विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह ठेवून घेते. ते वाचवायला ईए या प्रकाशकाने २०११ मध्ये 'ओरिजिन' हे स्वतःचं दुकान काढलं, हे समजण्यासारखं आहे. पण पुढचं बघा. ईए २०१९ च्या शेवटी परत स्टीमवर आली, युबिसॉफ्ट २०२२ मध्ये आली. स्टीमचा वाटा देऊन झाला, पैसे मी स्टीमला दिले, गेम स्टीमवरून उतरवला, आणि तरीही खेळायला बसलं की मध्ये प्रकाशकाचा लाँचर उघडतो आणि अकाउंट मागतो. आता इथे वाटा वाचवण्याचा प्रश्न कुठे आला? त्यांना माझा ईमेल हवा आहे, मी किती वाजता किती वेळ खेळतो ते हवं आहे, आणि पुढचा गेम दाखवायला माझा पडदा हवा आहे. चौघांनी मिळून खेळायचा गेम असेल तर अकाउंट लागणारच, ते मी मागेही मान्य केलं होतं.

आता मला प्रत्यक्ष काय भोवलं ते सांगतो. प्रकाशकाचं नाव मुद्दाम घेत नाही. कोणाचंही घातलं तरी गोष्ट बदलणार नाही. २०१२ साली मी टिळक रोडवरच्या दुकानातून एका गेमचा डबा आणला होता. आत डिस्क, आणि माहितीपत्रकाच्या मागे छापलेला कोड. डिस्क घातली तर आधी लाँचर बसला, मग त्याने स्वतःलाच अपडेट केलं, मग गेमचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, मागितला. तेव्हा घरच्या ब्रॉडबँडला महिन्याची मर्यादा होती आणि रात्री दोन ते सकाळी आठ तेवढं मोकळं. मग दोनचा गजर लावायचा, डाउनलोड सुरू करून झोपायचं, आणि आठच्या आत उठून बंद करायचं. आई एकदा दोन वाजता उठली आणि म्हणाली, 'परीक्षेला कधी असा उठला नाहीस.' असो.

अकाउंटला मी त्या वेळच्या इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेल लावला होता. पुढे ती जोडणी सोडली, ईमेल बंद झाला. २०२१ मध्ये घरात बसून कंटाळलो आणि वाटलं, जुना गेम काढू. लाँचर म्हणाला, तुमच्या ईमेलवर सहा आकडी कोड पाठवला आहे. त्या ईमेलवर! मदत केंद्राला लिहिलं. त्यांनी खरेदीचा पुरावा मागितला. बिल कुठलं असणार? पण डबा माळ्यावर होता. स्टूल घेऊन चढलो, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खालून तो काढला, पुसला, कोडचा फोटो काढून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं : 'हा कोड आधीच वापरलेला आहे.' मी लिहिलं, हो, मीच वापरला आहे, तेच तर सांगतोय. त्यावर पुन्हा तेच वाक्य आलं, खाली वेगळ्या माणसाचं नाव. सहा मेल झाल्यावर मी सोडून दिलं. डबा माझा, डिस्क माझी, कोड माझा, आणि गेम माझा नाही.

तुमचा स्टीमचा मुद्दा मात्र बरोबर लागला. होय, स्टीमसुद्धा हेच आहे, किंबहुना ही सवय लावली स्टीमनेच. नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला तेव्हा दुकानातून डबा घेतला तरी स्टीमचं अकाउंट सक्तीचं होतं आणि तेव्हाही लोक असेच चिडले होते. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचा आधार बंद झाला. म्हणजे ज्या जुन्या मशीनवर जुने गेम मस्त चालत होते, तिथेच ते उघडायला अडचण. मी तिथे टिकलो याची कारणं तात्त्विक वगैरे नाहीत. २०१५ मध्ये स्टीमवर किमती रुपयांत दिसायला लागल्या. त्याच वर्षी पैसे परत मिळायची सोय आली : घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. आणि मी आळशी आहे. याला ढोंग म्हणायचं असेल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. मात्र एका दाराला कुलूप आहे म्हणून मी दुसरं, तिसरं, चौथं कुलूपही गळ्यात बांधून घ्यावं, हे काही त्यातून निघत नाही. जिथे शक्य असेल तिथे मी आता जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतो. तिथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि नंतर कोणाला विचारावं लागत नाही. मोठे नवे गेम तिथे बऱ्याचदा येत नाहीत, मग मी थांबतो. वय झालं की थांबता येतं.

'पहिल्या दिवशी खेळताना सापडतात' हा दुसरा टोचलेला मुद्दा. २००९ चं ते प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलेलं दिसतंय. 'मॉडर्न वॉरफेअर २' मधून पीसीवाल्यांना स्वतः चालवता येणारे स्वतंत्र सर्व्हर काढून टाकले म्हणून स्टीमवर बहिष्काराचा गट निघाला, आणि गेम आला त्या दिवशी त्या गटाच्या सभासदांच्या नावापुढे हिरव्या अक्षरात तोच गेम खेळत असल्याची नोंद, एकाखाली एक. त्यावर मी काय बोलणार? त्या वयात मीही तेच केलं असतं.

पण सगळ्याच वेळी असं झालं नाही. २०१० मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २' ला सतत इंटरनेटची अट घातली. मार्चमध्ये त्यांचेच सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेली माणसं बाहेर उभी राहिली. २०१२ पर्यंत ती अट त्यांनी मागे घेतली होती. २०१३ मध्ये 'सिमसिटी'ने तोच तमाशा केला आणि वर्षभराने ऑफलाइन खेळायची सोय द्यावी लागली. २०१३ च्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या गेम खेळायच्या यंत्राची दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट बाजारात यायच्या आधीच गुंडाळली. बेथेस्डा या प्रकाशकाने २०१८ मध्ये 'फॉलआउट ७६' पीसीवर फक्त स्वतःच्या लाँचरवर विकला, २०२० मध्ये स्टीमवर आणला आणि २०२२ मध्ये तो लाँचरच बंद केला. आणि मे २०२४ मधलं 'हेलडायव्हर्स २' तर आहेच. स्टीमवर गेम घेतलेल्यांनाही सोनीने आपल्या प्लेस्टेशनचं अकाउंट जोडायची सक्ती जाहीर केली. त्या अकाउंटची सोय नसलेल्या शंभराहून जास्त देशांतून गेम विक्रीतून काढला गेला. दोन लाखांवर वाईट शेरे पडले आणि तीन दिवसांत सक्ती मागे. या सगळ्याचं श्रेय बहिष्काराला देणं भाबडेपणाचं होईल. काही ठिकाणी सर्व्हरने दगा दिला, काही ठिकाणी हिशोब जमला नाही. पण यातल्या एकाही ठिकाणी कंपनीला आपणहून उपरती झाली नव्हती, एवढं नक्की.

राहिली पायरसी. बुधवारातल्या बोळात शंभर रुपयांना मिळणारी, वर मार्करने नाव लिहिलेली सीडी मीही घेतलेली आहे. एकीत तीन गेम आणि वर एक व्हायरस फुकट. लपवायचं कशाला? पण म्हणून आज पैसे मोजून घेणाऱ्याने तोंड बंद ठेवावं, हा हिशोब मला कळत नाही. लहानपणी शेजारच्यांच्या झाडावरच्या कैऱ्या चोरल्या म्हणून आज मंडईतल्या आंबेवाल्याला 'डझनात अकराच का?' विचारायचं नाही, असं होतं का? आणि गंमत अशी की त्या शंभर रुपयांच्या सीडीने मला कधी लॉगिन विचारलं नाही. पैसे भरायला लागल्यापासून विचारतात.

'आपल्याला विचारतो कोण' हे मात्र खरं आहे. पुण्यातून पाचपन्नास जणांनी गेम घेतला नाही तर कोणा परदेशी प्रकाशकाची झोप उडणार नाही. म्हणूनच मला खरं तर 'बहिष्कार' हा शब्दच नको होता. आपल्या राज्यात माणसाला वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला. गेमसाठी तो शब्द फार जड आहे. मागच्या लेखाच्या मथळ्यात तो वापरला कारण मथळा चटपटीत हवा होता. चूक कबूल. माझं म्हणणं एवढंच आहे की घेऊ नका. किंवा वर्षभराने, सवलतीत, ती अट गेली का बघून घ्या.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दहावीच्या निकालानंतर मुलाला कबूल केलेला गेम असाच सक्तीच्या लाँचरवाला आहे. मुलाला दिलेला शब्द मोडा असं मी सांगणार नाही. फक्त विकत घेण्याआधी त्या गेमच्या स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला बघा, 'तिसऱ्या कंपनीचं अकाउंट लागेल' अशा अर्थाची इंग्रजी चौकट असते. असेल तर अकाउंट त्याच्या शाळेच्या किंवा क्लासच्या ईमेलवर काढू नका, ते ईमेल दोन वर्षांत बंद होतात. बिलाचा मेल वेगळा जपून ठेवा. पहिल्या दिवशी लाँचर आणि लॉगिनमध्येच अडकलात, तर तेवढा वेळही स्टीमच्या त्या दोन तासांत धरला जातो हे लक्षात असू द्या, आणि दीड तासाच्या आत काय ते ठरवा.

आणि निकाल काय लागला ते कळवा.

ता. क. : दोनशे नाहीत, एकशे चौऱ्याऐंशी आहेत. मोजले.